वंदाच्या नवऱ्याची रजा

मंगळवार, संध्याकाळ

अजून अंगाची आग होतेय. वंदाच्या नवऱ्यानं जेलमधून पॅरोल मागितलाय. आई आजारी आहे म्हणे. आमची हरकत आहे का, हे विचारायला आज हवालदार घरी आले. सोबत त्याचा चुलता, मलकापूरहून खास आलेला.

हरकत? माझ्या धाकट्या बहिणीला लग्नापासून मारलं त्यानं. शेवटी कोयता घातला. तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, बोटांत पेनही धरवत नाही. रोज मी तिची वेणी घालते.

चुलता म्हणाला, "ताई, थोड्या दिसांचा तर प्रश्न हाय. सुधारलाय की आता."

कुणी बघितलं? तो मारायचा तेव्हा हाच माणूस शेजारच्या खोलीत रेडिओ मोठा करायचा! आणि ती आजारी आई? तिच्यादेखतच तर मारायचा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वंदा बाहेर आली. अर्धी वेणी तशीच सुटलेली.

"लिवा साहेब, माझी हरकत हाय. सुटला की त्यो पहिला हितंच येणार. आईला बघायचं आसंल तर पोलीस संगं द्या, आन् त्याच पावली परत आत न्या."

"वंदा, इचार कर," चुलता म्हणाला.

"मार खाताना लई केला, मामंजी."

हवालदारांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तिनं डाव्या हातानं सही केली. निर्णय वरचे साहेब घेणार. सोडलाच तर? तर काय करायचं आम्ही?

चुलत्याला मी चहासुद्धा विचारला नाही. दारातून पावण्याला तसंच जाऊ दिलं, आयुष्यात पहिल्यांदा. जराही वाईट वाटलं नाही.