ठिबकची नळी

२ डिसेंबर

चावी फिरवली, सोडली, पुन्हा फिरवली — भर बाजारात, मागे कापसाचा ट्रॅक्टर. गाडी थरथरली आणि बंद. आज चौथ्यांदा! ट्रॅक्टरवाला ओरडला, "सर, द्या आता भंगारात!" शेजारच्या सीटवर माझे वडील, नाना, समोर बघत.

नऊ तारखेला नानांना संभाजीनगरला न्यायचे आहे. मेंदूचे डॉक्टर. तीन महिन्यांनी मिळालेला नंबर. नाना दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. दिवाळीत भाड्याची आणली, तर ते चालत्या गाडीचे दार उघडायला निघाले. आमच्या या जुन्या आठशे गाडीत मात्र बसतात. सत्तावीस वर्षांची सवय.

३ डिसेंबर

सकाळीच कडूबा मेकॅनिककडे. गार इंजिन शहाण्यासारखे चालले. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. "आता बिलकुल टकाटक." हसनाबादपर्यंत खरेच ठीक. परतताना फाट्यावर थांबलो — तीच थरथर. ॲक्सिलरेटर दाबला की आधी अडखळते, मग झटका.

४ डिसेंबर

नाना बाजेवरून म्हणाले, "संपत, गरम झाली की हवा पिऊन राह्यली."

संपत म्हणजे त्यांचा कंडक्टर. नानांनी एकतीस वर्षे एसटी चालवली. पावसाळ्यापासून मी त्यांना संपत वाटतो. मी म्हणालो, "नाना, मी धर्मराज. तुमचा मुलगा." माझ्याकडे पाहत राहिले. मग मान खाली घातली. रोज हेच होते.

डिझेलच्या नळीत हवा शिरून बंद पडायची ती त्यांची बस. ही पेट्रोलची.

५ डिसेंबर

कडूबाने रेस वाढवून दिली. आता उभ्या जागी घोंघावते. तरी मरते.

७ डिसेंबर

बायको, सुरेखा, चिडली. "नाना चार दिवसांपासून एकच सांगून राह्यलेत. ऐकून तर घ्या."

"त्यांना आजचा वार माहीत नाही, सुरेखा."

"तुम्हाला तरी सुटीत कुठं म्हाईत असतो?"

८ डिसेंबर

कडूबाला घरीच बोलावले. या वेळी इंजिन तापू दिले. अर्ध्या तासाने थरथर सुरू. नाना बाजेवरून उठले — काठीशिवाय! बॉनेटखाली वाकले. मी धरायला गेलो, हात झटकला. कार्बोरेटरमागची बारीक काळी नळी टोकाशी चिमटीत दाबली.

इंजिन स्थिर.

चिमटी सोडली — थरथर. दाबली — स्थिर.

"म्हणलो न्हाई का, संपत?"

कडूबाने नळी ओढली. सहज निघून आली. उलटसुलट पाहून म्हणाला, "सर, ही गाडीची न्हाई. ही तर ठिबकची! मोसंबी लागायची होती का गाडीला?"

नळी मीच घातलेली. एप्रिलमध्ये शेतात मूळची चिरली, तेव्हा मोसंबीच्या बागेतून वीतभर कापून बसवली. काळी, हुबेहूब. इंजिनच्या उष्णतेने टोक हळूहळू पसरले; गार असताना घट्ट, तापली की सैल. तिथूनच हवा. आठ महिन्यांत मी साफ विसरलो होतो! इतके दिवस कडूबाला एका शब्दाने सांगितले नाही.

कडूबाने खरी नळी, क्लिप लावून, बसवली. तासभर गाडी चालू. नानांनी पाण्याचा पेला बॉनेटवर ठेवायला लावला. थेंब सांडला नाही. सुरेखा एवढी हसली की नानाही हसले.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो. "बरोबर ओळखलंत," म्हणालो. आज नाव सांगितले नाही.

९ डिसेंबर

सकाळी सहाला गाडी काढली. नाना पुढे बसले, बाहीने काच पुसली. इंजिन एका लयीत. म्हणाले, "संपत, बेल दे."

मी डॅशबोर्डवर दोनदा टिचकी मारली आणि निघालो.