दर्यावर जेवणाचं इंजेक्शन

३ नोव्हेंबर
बोईसरहून आत्ता आलो. रिक्षात हे मांडीवर औषधांची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलेले, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

डॉक्टरबाईंनी पायाची पट्टी सोडली तेव्हा मी मान फिरवली. गणपतीच्या आसपास शिंगाळा माशाचा काटा लागलेला. जखम अजून ओली. अंगठ्याजवळ काळपट. बाई म्हणाल्या, रात्रीच्या इन्सुलिनच्या इंजेक्शनवर भागत नाही, आता प्रत्येक जेवणाआधीही घ्यायचं. शुगर उतरली नाही तर अंगठा... वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. मीही अर्धंच लिहिते.

यांनी एकच विचारलं, "बोटीवर कसा घेयाचा?"
बाई म्हणाल्या, घेतलं की लगेच जेवायचं, एवढंच सांभाळा.
एवढंच.

४ नोव्हें.
पहिलं इंजेक्शन. पेन नवं, त्यात काचेची नळी बसते, कार्ट्रिज म्हणतात तिला. आत औषध, पाण्यासारखं स्वच्छ. सुई लावली, आधी दोन युनिट हवेत सोडून पाहिले. टोकाला थेंब आला. मग आकडा फिरवला, पुन्हा पाहिला, यांना दाखवला, पुन्हा पाहिला. हात कापायला लागला.

"म्हावरा साफ करतंस तेवा नाय कापत हात."

पोटावर टोचलं. दहापर्यंत मोजून सुई काढली. ताट आधीच वाढून ठेवलं होतं. भात, बोंबलाचं कालवण. हे जेवेपर्यंत समोरून उठले नाही. बाईंनी बजावलंय, हे औषध लगेच लागू होतं, जेवण पोटात नाही गेलं तर शुगर खाली येते. घाम, थरथर, बोलणं अडखळतं, माणूस पडतो. जखमेला इतकी नव्हते भ्याले जितकी त्या थेंबाला भ्याले.

८ नोव्हें.
आकडे उतरताहेत. सकाळी शुगर १५८. किती महिन्यांनी दोनशेच्या आत आकडा दिसला. आनंद व्हायला हवा.

पण मी दिवसभर यांचं तोंड बघते. दुपारी अंगणात जाळं शिवत होते, कपाळावर घाम. भान आहे ना बघायला धावत जाऊन विचारलं, आज वार कोणता? चिडले. "उन्हात बसल्यावर घाम नाय येणार तर काय येणार?" मशीन आणून बोट टोचलं. १४०. ऊनच होतं.

सुमनचा सरावलीहून फोन. लेकीला सांगितलं, सगळं बरं आहे.

११ नोव्हें.
आज बोट गेली. यांना थांबवायचा प्रयत्न केला, पाय तरी बरा होऊ द्या. म्हणाले, पायानं बोट हाकत नाय. बूट घालून, पट्टीवर प्लास्टिक बांधून गेले.

डब्यात दोन्ही पेनं, सुया, मशीन, ग्लुकोजची पावडर. रात्रीच्या पेनाला मी लाल दोरा गुंडाळलाय, चुकून ते जेवणाआधी घेतील म्हणून. नाहीतर जेवणाचं पेन रात्रीच्या आकड्यानं. विचारसुद्धा करवत नाही.

हरेश भावजींना बाजूला घेऊन सगळं समजावलं. यांचा धाकटा भाऊ, बोटीवर यांच्या हाताखाली. मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "वयनी, मी हाय ना."

संध्याकाळपासून फोनला रेंज नाही. बोंबील वाळत घातले, परत येऊन फोन बघितला. पुन्हा गेले.

१३ नोव्हें.
आले. माणूस धड, मासळी बरी. मशीन लावलं तर ३८८.

म्हटलं, इंजेक्शन घेतलंच नाही तुम्ही. "घेतला. दर जेवनाला घेतला." आवाज चढला. मीही बोलले, नको ते. बोटीवरच्या पोरांसमोर सुई टोचायला लाज वाटत असेल, असं काहीतरी. हे उठून धक्क्यावर गेले ते जेवायलाच आले.

१४ नोव्हें.
सकाळी डॉक्टरबाईंना फोन. ओरडल्या नाहीत. एकच विचारलं, पेन ठेवलं कुठं होतं?

मी भावजींना विचारायला गेले. सरळ सांगितलं त्यांनी. "बर्फात ठेवला, वयनी. औषधवाला दादाला बोलला ना, थंड जागी ठेवा."

थंड जागा म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं काय आठवणार. बोटीच्या खणात, बर्फाच्या लादीवर. औषध गोठलं. मग वितळलं. मग यांनी तेच घेतलं, रोज, वेळेवर, नेमानं.

बाई म्हणाल्या, एकदा गोठलं की ते औषध गेलं, फेकून द्या. जे कार्ट्रिज पेनात चालू आहे त्याला बर्फ नको, फ्रिजही नको. फक्त ऊन नको आणि इंजिनाची धग नको. न उघडलेली घरी फ्रिजमध्ये, तीही बर्फाच्या कप्प्यात नाही. चालू केलेलं चार आठवड्यांनी टाकायचं, उरलं असलं तरी.

कार्ट्रिज उजेडात धरून पाहिलं. स्वच्छ. नव्यासारखंच. खराब झालेलं दिसतंच नाही, याचीच जास्त भीती वाटली. दोन्ही पेनांतली टाकली. बोईसरला जाऊन नवी आणली.

यांची माफी मागितली. "जाव दे" म्हणाले. पाय पाहिला. काळपटपणा आहे तेवढाच. की थोडा वाढलाय? नक्की सांगता येत नाही.

१८ नोव्हें.
पुन्हा गेले. पेन या वेळी कापडात गुंडाळून भावजींच्या पिशवीत, केबिनमधल्या फळीवर. निघताना यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिन बघण्यात होते.

२० नोव्हें.
बोट वेळेआधी परतली. किनाऱ्यावरच्या बायका म्हणाल्या, तुमची बोट दिसते. बोंबील तसेच टाकून धावले.

हे चालत उतरले. शर्ट भिजलेला, चेहरा ओढलेला. माझ्याशी न बोलता घरी येऊन झोपले. शुगर पाहिली, १९०. झोपच आहे ना म्हणून दोनदा हाक मारली.

काय झालं ते भावजींनी सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहून ठेवते.

आज दुपारी भात उतरला, ताटं मांडली. यांनी इंजेक्शन घेतलं. तेवढ्यात बोटीखालच्या पंख्याला दोर गुंडाळला गेला. जेवण तसंच टाकून सगळे बोटीच्या मागच्या टोकाला धावले. हे स्वतः वाकून, कोयत्यानं दोर कापत बसले. कुणी जेवलं नाही, कुणाला आठवलंही नाही. दोर सुटला, इंजिन लागलं, हे सुकाणावर गेले. थोड्या वेळानं म्हणाले, जाळं वढा. जाळं तर बोटीतच होतं. भावजींना वाटलं मस्करी. मग बोट खडकांच्या बाजूला वळली. तिथे खडक आहेत हे यांना लहानपणापासून ठाऊक, भावजींना यांनीच शिकवलेलं. भावजी ओरडले. यांनी ऐकलं नाही. डोळे उघडे, पण बघत नव्हते, असं भावजी म्हणाले.

इंजिन बंद केलं त्यांनी. ग्लुकोजचं पाणी पुढं केलं तर यांनी हात झटकला, अर्धं सांडलं. दोघांनी धरून बसवलं. गिळत होते म्हणून घोट घोट पाजलं. एकदा, मग थांबून परत. मग भात भरवला. भानावर आल्यावर हे काय म्हणाले? "शर्ट कोनी भिजवला माजा?"

भावजी सांगताना हसायला गेले. हसता आलं नाही त्यांना.

२१ नोव्हें.
यांना यातलं काहीच आठवत नाही. दोर कापला ते आठवतं, पुढचं नाही. म्हणून विश्वास नाही. म्हणे उन्हानं चक्कर आली असेल.

संध्याकाळी भावजी आले. आत या म्हटलं, चहा टाकते. उंबऱ्यातच उभे राहिले.

"दादा, मी तुमच्याबरोबर येन. पन सुकाणाला तुमी नाय."

हे जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "बोट कोनाची हाय?"

"बोट तुमची हाय. पन वर पाच जनं असतात."

भावजी गेले. वडील गेले तेव्हा हा दीर इतका लहान होता की यांनी त्याला कंबरेला दोर बांधून बोटीवर नेला. आज तोच उंबऱ्यात उभा राहून असं बोलला. यांनी सुईत दोरा ओवायचा तीनदा प्रयत्न केला. मी पुढं होऊन ओवून दिला नाही. का कोण जाणे.

२३ नोव्हें.
सकाळी शुगर ३१०. काल रात्री २९६.

पेन उचलून पाहिलं. कार्ट्रिजमधलं औषध परवा होतं तेवढंच. मी जेवण वाढायला आत जाते तेवढ्यात हे पेन हातात घेऊन परत ठेवतात. घेतलं म्हणतात.

विचारलं. भांडायच्या तयारीनं विचारलं होतं. पण हे खाटेच्या कडेला बसले आणि पायाकडे बघत राहिले.

"घेतला तर दर्यात मरन. नाय घेतला तर पाय कापतील. तूच सांग, काय करू."

लग्नाला इतकी वर्षं झाली. वादळात अडकून आले तेव्हाही यांच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. मला वाटायचं भीती फक्त मलाच आहे, घरात एक तरी माणूस न भिणारा आहे. आता तेही नाही.

हात धरला. दोघांचेही गार.

२४ नोव्हें.
बोईसर. भावजींना मी बोलावलं नव्हतं, रिक्षाजवळ येऊन उभे होते. तिघं गेलो. दोघे भाऊ रिक्षात दोन कडांना, मधे मी.

या वेळी यांनी स्वतः सगळं सांगितलं. बंद केलं तेही. बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, बोटीवर जेवण कसं असतं ते सांगा. कधी शिजतं, कोण वाढतं, मधेच उठावं लागतं का. भावजी सांगत गेले. बाई ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, तर बोटीवर उलटं करू. आधी जेवायचं, पोटभर, आणि उठायच्या आत लगेच इंजेक्शन. थोडंच जेवलात तर किती कमी घ्यायचं ते मी लिहून देते. जेवलाच नाही तर ते घ्यायचंच नाही. रात्रीचं मात्र चुकवायचं नाही. डोसही थोडा उतरवला. खिशात कायम ग्लुकोज. कसंतरी वाटलं की आधी तोंडात, मग मशीन. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, किनारा गाठायचा.

भावजींनी पेन मागून घेतलं, सुई लावायला शिकले. त्यांच्या जाड बोटांत ती सुई.

शेवटी बाई यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काही आठवडे सुकाणू दुसऱ्याकडे द्या."

यांनी पट्टी बांधून घेतली, उठले.

२९ नोव्हें.
घरी नीट घेताहेत, माझ्यासमोर. १७०, १५५, १८२. जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसते. बोट लावून पाहायचा मोह होतो, लावत नाही.

दुपारी एक गोष्ट झाली. जेवले, पण कमी, कालवण आवडलं नाही. इंजेक्शन मात्र पूर्ण घेतलेलं. थोड्या वेळानं मला हाक मारली. "येतोय बघ." काय येतंय? "तसाच. हात बघ माजे." बोटं थरथरत होती. मशीनवर ६२.

तीन चमचे ग्लुकोज पाण्यात. माझ्याच हातातून अर्धा चमचा सांडला, पुन्हा घेतला. पाव तास थांबायचं, परत तपासायचं. तेवढा वेळ यांनी माझं मनगट सोडलं नाही. घड्याळ बंद पडलंय असं वाटलं. मग ९४. मग पोळी खाल्ली.

या वेळी यांना सगळं आठवतं. स्वतः ओळखलं. बरं वाटावं असंच आहे हे. पण घरी मी समोर होते, खाली जमीन होती.

३ डिसें.
उद्या बोट निघायची. सुकाणाला कोण, हे अजून कुणी बोललेलं नाही. मी विषय काढला तर म्हणतात, बगू. जाऊबाईंना विचारलं, भावजी काय म्हणतात? तेही म्हणतात, बगू.

रात्री जेवताना हे म्हणाले, बाबांनंतर सुकाणाच्या जागेवर माझ्याशिवाय दुसरं कुणी बसलं नाही. मला नव्हते सांगत, स्वतःशीच होतं ते. ताटाकडे बघून बोलत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

४ डिसें.
पहाटेच्या भरतीला निघाले. डबा मी दिला, ग्लुकोजची पुडी शर्टाच्या खिशात घातली, वर बटण लावलं. हे थांबले तेवढ्यापुरते.

बोटीवर दोघे भाऊ केबिनपाशी उभे होते. अंगानं दोघे सारखेच, पाठ सारखी, दोघांच्या डोक्याला टॉवेल. एक आत गेला. कोण, ते किनाऱ्यावरून कळलं नाही. पुढे पुढे सरकले, पाण्यात गुडघाभर. तरी नाही कळलं.

दुपारी फोन वाजला. नंबर बघताच उचलला. यांचाच आवाज.

"जेवलो. भात दोनदा घेतला. मंग इंजेक्शन. आधी मशीन लावला होता, एकशे बेचाळीस."

बरं, म्हटलं. अंगठा दुखतो का? नाय. वारा आहे का? हाय थोडा. पुढे रेंज जाईल, फोन लागणार नाय, म्हणाले.

सुकाणाला कोण आहे हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मागे इंजिनाचा आवाज येत होता, एकसारखा. तो ऐकत राहिले, लाइन जाईपर्यंत.