चावडीवर ‘हाय’ म्हणणारं माणूस

४ मे १९९२
पूर्णेहून दोन बस बदलून दुपारी पोचलो. मन प्रसन्न आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी चावडीवर याद्या वाचायचं नवं काम मिळणं भाग्याचंच. चावडीच्या आतल्या खोलीत प्रयोगादाखल संगणक ठेवलाय. यादीची फाईल उघडायची, एकेक ओळ वाचायची, कागदावर छापायची, असा प्रोग्राम मीच लिहिला. राहायला चतुराबाईंची ओसरी. त्या विधवा, एकट्या. मशीन आपोआप वाचतं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मिशीन वाचायली तर मास्तर, तुमी काय करायलाव? दोघंही हसलो.

११ मे
आज मयतांच्या यादीचं चावडीवाचन. इथली रीत अशी: नाव तीनदा पुकारायचं; माणूस जिवंत असेल तर त्याच्या घरच्या पुरुषानं ‘हाय’ म्हणायचं. बाया चावडीवर बोलत नाहीत. वाचणाऱ्यानंही यादीपलीकडे बोलायचं नाही. छापलेला कागद आधी न तपासताच मी वाचत गेलो. चतुराबाईंचं नाव आलं. त्या समोरच, पायरीखाली, तोंडाला पदर लावून हसत होत्या. तीनदा पुकारलं. त्यांच्या घरात राहणारा पुरुष मीच, मला ‘हाय’ म्हणता आलं असतं. पण नियम आठवला. मुंजाजी कोतवालानं गावच्या वहीत त्यांच्या नावावर रेघ ओढली.

१४ मे
दुकानदार चतुराबाईंना साखर देत नाही. भांडण नाही, त्याला त्या दिसतच नाहीत. मुंजाजी म्हणाला, लय वाईट झालं, भली बाई होती. त्या त्याच्या शेजारीच उभ्या होत्या.

१५ मे
फाईलमध्ये त्यांचं नाव नाही. प्रोग्राम ओळ न् ओळ पाहिला. चूक नाही. पुन्हा छापलं. कागदावर नाव आहे. मुंजाजी म्हणतो, चावडीवर वाचलेलं माघारी येत न्हाई.

१९ मे
यादीत त्यांच्या नावाखाली नवी ओळ. उद्धव विश्वनाथ. मी. कागद जाळला. प्रोग्राम पुसला. तरी छपाई चालूच— मुंजाजीनं कागद फाडून नेला.

२५ मे
यादीत नाव असलेल्यानं वाचायचं नाही, म्हणून माझ्या जागी वाचायला तालुक्याहून भुजंगराव आलेत. माझ्यासाठी ‘हाय’ म्हणा म्हणून पाया पडलो. ते म्हणाले, वाचणाऱ्यानं बोलायचं नाही. मीच ‘हाय’ म्हणतो म्हटलं. मुंजाजी हसला. ज्याचं त्यानं म्हटलेलं चालत न्हाई, मास्तर. आणि इथं माझं कोण—

२६ मे
पायरीखाली बसलोय. शेजारी चतुराबाई. माझं नाव पुकारलं. मुंजाजी खाली बघतोय— दुसऱ्यांदा. चतुराबाई पदर सारून उठल्या. ‘हाय’ म्हणाल्या. मोठ्यानं. पुन्हा. एकानंही मान वळवली नाही— ऐकलं ते मी एकट्यानं— तिस