जहाजाचा गुरुवार

मंगळवार, १ ऑक्टोबर

मेला अन्वर! हम्मामच्या दारावर पाटी ठोकली. फ्रेंचमध्ये ठसठशीत, खाली अरबीत मुंगीएवढी — "दर गुरुवारी दहा ते चार फक्त जहाजाच्या पाहुण्यांसाठी." दर गुरुवारी बंदरात जहाज लागतं, त्यातून उतरणाऱ्या परदेशी बायांसाठी! आणि गल्लीतल्या बायकांनी काय करायचं? जुम्म्याच्या आदल्या दिवशी अख्खी गल्ली अंग घासायला येते. बावीस वर्षं मी त्यांच्या पाठी घासतेय. पाटी लावताना मला एका शब्दाने विचारलं नाही!

जाऊन तोंडावर विचारलं. म्हणतो कसा, "खाला मेन्नाना, बाकीचे सहा दिवस आहेत ना!"

"मग तुझ्या पाहुण्यांना सांग सोमवारी या."

"जहाज काय मी चालवतो, खाला?"

उलट उत्तरं! लहानपणी आईचं बोट धरून बायकांच्यात आंघोळीला यायचा, तेव्हा कान धरून धुतलाय याला. आज मला शिकवतो.

बुधवार, २ ऑक्टोबर

हाजी लारबींच्या घरी गेले. हम्माम त्यांचा. गुडघे गेल्यापासून सगळं अन्वर बघतो, पण मुलगा शेवटी त्यांचाच ना! म्हटलं, सतरा तारखेला गुरुवारच आहे. गल्लीतल्या तामूच्या लेकीचं, सफियाचं, नवरीचं न्हाण त्या दिवशी ठरलंय, दोन महिने आधी सांगून ठेवलंय.

"अन्वरला विचार," म्हणाले.

"विचारलं."

"मग झालं."

भिंतीकडे बघत बोलत होते. चहासुद्धा विचारला नाही. मीही थांबले नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

लिहूनच काढते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी अन्वर एक पिशवी घेऊन आला. आत काय? लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कमरेचं कापड आणि निळ्या लोकरी गोंड्यांची मोठी गवती टोपी! माझी आई हेच घालून डोंगरावरून लाकडाची मोळी पाठीवर घेऊन यायची, टँजरच्या बाजारात विकायची. उन्हासाठी टोपी ती! आणि हा म्हणतो, "खाला, हे घालून घासायचं. पाहुण्यांना आवडतं."

"आत वाफ किती असते ठाऊक आहे? टोपी घालून?"

"थोडा वेळच, खाला. माझ्यासाठी."

घातली. का घातली कोण जाणे. त्याच्या आईचा चेहरा आठवला असेल. बिचारी तरुणपणीच गेली.

बावीस बाया आल्या. काळा साबण हातावर घेऊन हुंगतायत, खिदळतायत. एकीला गरमीने घेरी आली, तिला बाहेर नेऊन संत्र्याचा रस पाजला. दुसरी टोपीचे गोंडे ओढून बघत होती, जत्रेतल्या खेचराचे ओढतात तसे! टोपीतून घाम डोळ्यांत. आणि चालताना सगळ्या "शुक्रन, शुक्रन" करत माझ्या गालांचे मुके घेऊन गेल्या. राग काढायलाही कोणी हाती लागलं नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

बाजारात गेले तर मासळीवाला ओरडला, "मेन्नाना, तू बंदरावर टांगलीयेस!"

जाऊन पाहिलं. खरंच. फाटकाशेजारी माणसापेक्षा उंच फोटो. टोपी, कापड, हातात बादली. पाठमोरी आहे, तोंड दिसत नाही. पण माझी पाठ या गावात कोण ओळखत नाही? कधी काढला मेल्याने?

"छान आलाय, खाला!" असं अन्वर वर तोंड करून म्हणाला. बादलीच फेकून मारणार होते.

आज दिवसभरात अकरा बायका. पूर्वी सोमवारी तीस-चाळीस असायच्या. पाटी बघून रुसल्या असतील. रुसणारच!

गुरुवार, १० ऑक्टोबर

पूर्वेचा वारा असा सुटला की जहाज धक्क्याला लागलंच नाही. बरं झालं! भट्टी लालभडक आणि आत चिटपाखरू नाही. अन्वर गच्चीवरून समुद्राकडे बघत राहिला. दोन वाजता खाली येऊन म्हणाला, "गल्लीतल्यांना बोलवा, खाला."

दारोदार फिरले. पाचजणी आल्या. बाकीच्या म्हणे घरीच उरकून बसल्या होत्या.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सफियाच्या न्हाणाचं शेवटचं विचारलं. अन्वर म्हणाला, "चारनंतर आणा." चारला मेंदीवाली येते. मेंदीचा हात घेऊन नवरी न्हायची का?

तामूला सांगायला गेले तर ती माझ्यावरच उलटली. "तू कोणाची ते आधी सांग, मेन्नाना. आमची की जहाजाची? टोपी बरी दिसते हो तुला!"

तिच्याकडे बसलेल्या बाकीच्या हसल्या. मी वळून घरी आले. अन्वरचा राग होताच, आता तामूचाही आला. आणि टोपी घातली म्हणून सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

चोवीस बाया आत. सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत साबण फासून ओळीने बसवलं होतं. एवढ्यात बाहेरून लग्नाची किलकारी ऐकू आली. मग ढोलकी. तामू ऐकायची नाहीच! वीस-पंचवीस बायका, हातात मेणबत्त्या, मध्ये हिरव्या कफ्तानात सफिया, तोंडावर ओढणी.

अन्वर दारात हात पसरून उभा. "चारनंतर! खाला तामू, हात जोडतो, चारनंतर!"

तामू म्हणाली, "तुझ्या आईचं न्हाण इथेच झालं रे. तिलाही चारनंतर सांगितलं होतं?"

त्याचं तोंड पडलं. पण हात खाली घेतले नाहीत.

ओढणीखाली सफिया रडत होती. खांदे हलत होते. चाळीस दिवसांची होती तेव्हा ही पोर मीच पहिल्यांदा आत नेली होती.

टोपी काढली. कमरेचं कापड सोडलं. दोन्ही अन्वरच्या हातात दिली. "घे. तूच घास."

"खाला, त्या साबणात बसल्यात! पाणी कोण घालणार?"

"जहाज तू आणलंस ना?"

अंगावर जेल्लाबा चढवला आणि तशीच ओली त्यांच्याबरोबर निघाले. मागून अन्वर हाका मारत होता. वळले नाही.

तामूच्या अंगणात चार पातेली गॅसवर चढवली, चादरींचा आडोसा केला. वारा आत घुसत होता, सफिया कुडकुडत होती आणि हसत होती. तामूने माझ्या हातात अंग घासायचा हातमोजा दिला. पाठ घासता घासता माझेच डोळे भरले. रागाने! दुसरं काय!

त्या चोवीसजणींचं काय झालं असेल? वाळला असेल साबण अंगावर. वाळू दे!

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

अन्वरचा निरोप. उद्यापासून येऊ नका. जसं काही मी जाणारच होते!

रविवार, २० ऑक्टोबर

सफियाचं लग्न लागलं. मटण जरा कच्चं होतं. मला तामूने स्वतःशेजारी बसवलं. सगळ्या गुरुवारचंच बोलत होत्या. इतकी हसले मी की पोटात दुखायला लागलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

हाजी लारबी आले. चढण चढून, पायी, त्या गुडघ्यांनी. पायरीवरच बसले.

"हम्माम विकला, मेन्नाना. काल सही केली. गालिच्यांचं दुकान होणार."

मी म्हटलं, शेवटी अन्वरने डाव साधलाच!

"मी विकला. दोन वर्षं म्हणतोय विकू. घराघरात गरम पाणी आलं, येतं कोण आता? अन्वरच आडवा आला होता. जहाजाच्या बाया आणतो, त्यांच्यावर भट्टी पेटती ठेवतो, बाकीचे सहा दिवस गल्लीला राहतील म्हणाला. गुरुवारनंतर जहाजवाल्यांनी नाही म्हटलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तोच नको म्हणाला. खालाला कळलं तर ती रात्रंदिवस काळजी करेल म्हणाला."

ते गेल्यावर अन्वरला घालायच्या सगळ्या शिव्या आठवून बघितल्या. एकही तोंडातून निघेना.