'उठेल'च्या पुढचं चिन्ह

कॅम्प, बेळगाव
२७ डिसेंबर

प्रिय सुवार्ता,

तुझ्या आईनं हौसेनं तुझं नाव सुवार्ता ठेवलं, आणि वर्ष झालं, तुझ्याकडून वार्ताच नाही. फोन येतो, नाही असं नाही. "गोळ्या घेतल्या? बरं, ठेवते." एवढं तर औषधाचा दुकानदारही विचारतो. निपाणी काय विलायतेत आहे? बसनं फार तर दोन तास. नाताळचे तिन्ही दिवस माझे कान दाराकडे होते. आता एक तारीख तोंडावर आली. त्या दिवशी तरी तू येणार की नाहीस हे काही केल्या कळेना, म्हणून फोन बाजूला सारून कागद ओढला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. इथं तुझा इलाज नाही.

आधी इकडची खबर. गुडघा डावा होता, आता उजवाही त्याला सामील झालाय. शेजारच्या अंबुबाई दोन्ही वेळच्या भाकरी पाठवतात आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक टोमणा. परवा म्हणाल्या, "शांतवनअण्णा, नाव ठेवताना तुमच्या बापानं जरा इचार करायचा न्हाय व्हय? नाव शांतवन, आन दिसभर कुकरागत शिट्ट्या!" मी म्हटलं, कुकरच्या शिट्टीनंतर भात तरी होतो, माझ्या शिट्ट्यांनी तेही होत नाही. त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

खरं सांगतो पोरी, यंदा माझी लई चिडचिड झाली. कोणी नुसतं "देवाला सगळं कळतं" म्हटलं तरी अंगावर काटा येतो. त्याला कळतं हो, मला कळत नाही त्याचं काय? चर्चच्या फाटकावर पुन्हा तोच फलक लागलाय, "नवे वर्ष, नवी आशा". खाली साल असतं, त्याचा शेवटचा आकडा तेवढा दर साली कागदावर लिहून वर चिकटवतात. यंदाच्या सहाच्या खालून पाचचं पोट बाहेर डोकावतंय. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस मी, माझ्या डोळ्यांना दुसरं काय दिसणार? पाळकसाहेबांना दाखवलं तर म्हणतात, "अण्णा, तुम्ही आशेकडे बघा, आकड्याकडे काय बघता?" आता ह्यावर माणसानं काय बोलावं!

आईच्या कबरेवरच्या दगडाचं तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. दगडावर काय लिहायचं यावर आपण दोघं याच टेबलाशी बसलो होतो. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी सहा ओळींचा मजकूर दिला होता, त्यात आई कुठं सापडत नव्हती. मग तूच म्हणालीस, "आप्पा, आई रोज सगळ्यांच्या आधी उठायची. तेवढंच लिहू या." आणि माझा हात थरथरतो म्हणून तुझ्या ठसठशीत अक्षरात, शाईनं, तू लिहिलंस: सगुणा शांतवन, मग तिच्या तारखा, आणि खाली एकच ओळ, "ती पुन्हा उठेल". मला आवडली ती ओळ. एकेचाळीस वर्षं माझी सकाळ त्याच शब्दानं झाली होती. डोळे उघडायच्या आधी मी अंथरुणातून विचारायचो, "उठलीस?" आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "व्हय, कवाच." ती काही पुण्या-मुंबईची नव्हती, सांबऱ्याची होती. 'होय' तिच्या तोंडात कधी बसलंच नाही. तू शाळेत मास्तरीण झाल्यावर तिची भाषा सुधारायला गेलीस, तेव्हा तुलाच म्हणाली होती, "देवाला माझं व्हय कळतंय, तुला कळंना व्हय?"

तो कागद मी अनगोळला, कबरेचे दगड खोदणाऱ्या बसप्पाकडे नेऊन दिला. बसप्पाला मराठी वाचता येत नाही हे आपल्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला माहीत आहे. तो अक्षरं चित्रासारखी उतरवतो, काना, मात्रा, टिंब, जे असेल ते. आजवर त्याच्या हातून आपल्या दफनभूमीत एक वेलांटी चुकली नाही. मग एक जानेवारीला, उपासना झाल्यावर सगळी मंडळी तिथं जमली, दगडावरचं फडकं काढलं, आणि नवीनच आलेल्या पाळकसाहेबांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज आपसूक वर चढला. "ती पुन्हा उठेल?" काळ्या दगडात, वीतभर, गळासारखं वाकलेलं प्रश्नचिन्ह. मागं कोणीतरी खुदकन हसलं. आणि मी, एवढ्या मंडळीपुढं, तुझ्याकडं बोट करून म्हणालो, "हिनंच लिहून दिलंय. दोन दोन पदव्या घेतल्या, एक ओळ धड लिहिता येत नाही." तू हातातली फुलं खाली ठेवलीस, पिशवी उचललीस आणि निपाणीची बस धरलीस. अजून त्या बसमधून तू उतरली नाहीस, असं मला वाटतं.

त्यानंतर वर्षभर मी त्या चिन्हाच्या मागं लागलो. बसप्पा म्हणाला, "अण्णा, खोदल्यालं पुसत न्हाय. शाई हाय व्हय ती?" तरी माझ्या हट्टापायी त्यानं दगडाची पूड कालवून खाच भरून दिली. ती वाळून पांढरी पडली. आधी जवळ गेल्यावर दिसायचं ते आता फाटकातून दिसायला लागलं! मग मी पुढ्यात झेंडूची कुंडी ठेवली. दोन दिवसांत शेळीनं झेंडू फस्त केला आणि कुंडी आडवी केली. दुसरी ठेवली, तिचंही तेच झालं. मग दफनभूमीच्या समितीकडे अर्ज दिला, दगड बदलायची परवानगी द्या म्हणून. मराठीत दिला तर म्हणाले इंग्रजीत हवा. इंग्रजीत लिहून घेतला तर म्हणाले एक प्रत कानडीतही जोडा. तिन्ही भाषांत दिला, तेव्हा चार महिन्यांनी उत्तर आलं की एकदा बसवलेल्या दगडात फेरफार करण्याची रीत नाही. खाली बारीक अक्षरात, "मजकूर वाढवायचा असल्यास हरकत नाही". मी तो कागद चुरगाळून फेकला. प्रार्थनेतही दुसरं काही मागितलं नाही बघ. गुडघा मागितला नाही, डोळे मागितले नाहीत. प्रभू, तेवढं चिन्ह पूस, एवढंच. त्यानं काही पुसलं नाही. नोव्हेंबरात तर मी उपासनेला जाणंच सोडलं. पाळकसाहेब चौकशीला आले तेव्हा गुडघ्यावर ढकललं.

नाताळच्या दोन दिवस आधी बसप्पा स्वतः घरी आला. शेड आवरत होता म्हणे. त्याच्याकडं भिंतीला एक खिळा आहे, झालेल्या कामाचे कागद तो त्यात अडकवून ठेवतो. त्यातून आपला कागद काढून घेऊन आला होता. म्हणाला, "अण्णा, वरीसभर तुम्ही मला काय बोलला न्हाई, पर तुमचं तोंड मला दिसतंय. माझं काय चुकलं ते दावा." मी कागद हातात घेतला आणि त्याला म्हटलं, बसप्पा, तुझं काही चुकलं नाही. तर तो हटेना. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "चाळीस वर्सं तुमचं मराठी खोदतोय, आता ह्या एका वळीचा अर्थ तरी सांगा." मी सांगितला. ती परत उठणार आहे, असं लिहिलंय. त्यानं कागद पुढ्यात ओढला. मग त्या चिन्हावर बोट ठेवून अगदी सरळ, लहान लेकरागत विचारलं, "उठंल व्हय?"

आणि सुवार्ता, माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय."

मी काही ठरवून बोललो नाही. तिच्याच हेलात निघालं. आपल्या बोलीची ही गंमत इतकी वर्षं अक्षरांत काढून माझ्या ध्यानात आली नव्हती. विचारायचं तरी व्हय, आणि सांगायचं तरी व्हय. बसप्पानं मान हलवली, जणू मापाचा आकडा मिळाला. म्हणाला, "मग खाली जागा हाय की. सवाल हाय तर जबाब खोदू." आणि उरलेला चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर मला बायबलातल्या त्या बायका आठवल्या, पहाटेच्या, सुगंधी द्रव्यं घेऊन प्रभूच्या कबरेकडे निघालेल्या. जन्मभर ऐकलेली गोष्ट. पण त्यासुद्धा वाटेत एकमेकींना विचारत होत्या ना, दारावरची धोंड आपल्यासाठी कोण सरकवणार म्हणून? तरी त्या घरी बसून राहिल्या नाहीत, प्रश्न घेऊनच चालत गेल्या. मी मात्र प्रश्न लपवायला कुंड्या मांडत बसलो. नाताळच्या उपासनेला गेलो मी. मागच्या बाकावर बसलो, पण गेलो. फाटकावरचा तो चिकटवलेला सहा तसाच होता. या वेळी मला तो बरा वाटला. जुन्यावरच चिकटवतात माणसं, कोरा फलक कोणाकडं असतो?

आता ज्यासाठी हा कागद घेतला ते लिहितो. पानभर टाळलं. छापखान्यात आम्ही प्रुफं तपासताना जिथं शंका येईल तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करत असू. तुझा कागद बसप्पाकडं न्यायचा त्या दुपारी मी तो टेबलावर ठेवून पुन्हा वाचला. घरात कोणी नव्हतं. सवयीनं मी विचारलं, "उठलीस?" आणि स्वयंपाकघरातून काही आलं नाही. तेव्हा माझ्या हातानं, माझ्या पेन्सिलीनं, तुझ्या ओळीपुढं ते चिन्ह केलं. ओळ दगडावर मावेल का म्हणून केलं, असं मी पुढं स्वतःलाच सांगत राहिलो. ते खोटं आहे. खोडून टाकीन म्हणालो आणि तसाच कागद देऊन आलो. फडकं निघालं त्या क्षणी मी ओळखलं, आणि माझं झाकायला तुझ्याकडं बोट केलं. तुझं काही चुकलं नव्हतं, पोरी. तो मूळ कागद सोबत पाठवतोय. तुझी शाई आणि माझी पेन्सिल वेगळी दिसते, कोणालाही दाखव. एक तारखेला उपासनेत साक्ष द्यायला उभा राहीन तेव्हा हेच सांगणार आहे, सगळ्या मंडळीपुढं, ज्यांच्यापुढं तुला बोललो त्यांच्यापुढंच. तू समोर असावीस असं वाटतं. नाही आलीस तरी सांगणार. त्याबरोबर एक कोरा कागद जोडलाय. बसप्पा त्या दिवशी छिन्नी घेऊन येणार आहे आणि त्याला उतरवायला अक्षर हवं. त्यावर तुझ्या ठसठशीत हातानं, शाईनं, आईचा तो एक शब्द लिहून आण. तिच्या तोंडचा, शाळेतला नको. त्याच्यापुढं चिन्ह कुठलंही नको, पूर्णविरामसुद्धा नको.

तुझाच,
तपासणीत चुकलेला
आप्पा