सावडीचा भिडू

ताम्हिणी रस्ता, धरणाच्या कडेचा कॅम्प
२८ जुलै, सोमवार

सौ. वैष्णवीवहिनींना ओमचा नमस्कार. चिमीला गोड पापा. तुमच्या आईंना आणि चांद्याच्या सगळ्या मंडळींना माझी आठवण सांगा.

हे पत्र लिहायचं म्हणून किती दिवस पुढं ढकलतोय. आधी पेन सापडेना. मग हिंजवडीच्या कंपनीतली माणसं राहायला आली, त्यांच्या तंबूत पाणी शिरलं. ती गेली तर माकडांनी स्वयंपाकघरातले पाव पळवले आणि त्यांच्या मागं माझा दिवस गेला. एक म्हातारं माकड तर झाडावर बसून मला दाखवून दाखवून खात होतं. पण वैनी, पेन पहिल्यापासून खिशातच होतं.

तुम्ही घर सोडून माहेरी निघताना म्हणालात म्हणे, "या घरातल्या कुनी मला मोबाईल लावायचा न्हाई. बोलायचं आसंल त्यानं समोर यावं, न्हाईतर हातानं लिवावं." आईनं फोनवर सांगितलं. समोर यायची हिंमत नाही, म्हणून कागद. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, नववीत शाळा सोडली तेव्हा होतं तेच आहे. भिकू इथलं दूध टेम्पोनं तुमच्याकडं नेतो, त्याच्या हाती देईन.

मी कोकणात आहे असं घरी सगळे समजतात. होडीवरचं काम मी चैत्रातच सोडलं. मालक बरा होता, पण रोज तोच समुद्र बघून कंटाळा आला. आता इथं तंबू बांधतो, शेकोटी पेटवतो. रिह्याच्या आपल्या घरापासून तासाभरावर आहे आणि घरी सांगितलेलं नाही. का, ते पुढं येईल.

शिमग्याला मी आलो होतो तो दिवस आठवतोय ना? दादासाठी सुकट आणली होती. दादा खाटेवर आडवा, कानात ते इअरफोनचं बोंडूक, डोळे तांबारलेले. मी दारात उभा राहिलो तर त्यानं एक बोट वर केलं, थांब म्हणून. मी थांबलो. आणि तो मोबाईलच्या खेळातल्या कुणा नांदेडच्या पोराला म्हणतोय, "भावा, जेवलास का? जा, जेवून घे. मी राखतो तुझी बाजू." तुम्ही चुलीपाशी हसलात. मीपण हसलो. पण आत असं काही पेटलं की सुकट तिथंच ओट्यावर टाकून मी गावात निघून गेलो. मी सहा महिन्यांनी आलो होतो, मला त्यानं विचारलं नाही जेवलास का.

लहानपणी क्रिकेटला मला कुणी घ्यायचं नाही, माझा चेंडूपेक्षा पाखरांवर डोळा. दादा बॅट खाली टाकायचा. "ओम नसंल तर मीबी न्हाई." संपला विषय. तशीच बाजू आता तो नांदेडच्या पोराची राखत होता. दादाची ड्रायव्हरची नोकरी गेली, कंपनीची बस सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला म्हणून, तेव्हा मला वाईट वाटलं. त्याचा अंगठा बधिर व्हायला लागला, हातातून कप पडायला लागला, तेव्हाही वाटलं. चिमी चार्जर उपटून पळायची, कारण तेवढ्यासाठीच बाप खाटेवरून उठून तिच्या मागं यायचा, ते बघून तर फारच वाटलं. पण खरं लिहायचं तर सगळ्यात जास्त मी जळत होतो. मला त्या नांदेडच्या पोराची जागा पाहिजे होती.

आता भाताच्या आवणीचं. तुम्ही तिथं होतात, तुम्हाला मी काय सांगणार. पण आईकडून ऐकलं ते लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल. सावडीनं माणसं आपल्याकडं राबायला यावीत म्हणून तुम्ही आधी वाडीतल्या किती जणांच्या खाचरात वाकलात. आपल्या आवणीचा सांगावा घरोघर द्यायचं काम तेवढं दादाकडं होतं. त्यानं कानातलं न काढता "व्हय" म्हटलं आणि कुणालाच सांगितलं नाही. रोप उपटून मुठी बांधलेल्या, पंगतीला पुरेल एवढ्या भाकऱ्या केलेल्या, आणि बांधावर कुणी नाही. लोक दुसऱ्याच्या खाचरात गेलेले. बाबा, आई आणि तुम्ही, तिघंच वाकलात, अर्धं खाचर तसंच राहिलं. दुपारी दादा बाहेर येऊन म्हणाला जेवायला वाढ. तुम्ही वाढलंत, पाय धुतलेत आणि चिमीला कडेवर घेतलंत.

जाताना त्याला विचारलंत म्हणे, सकाळपासून कुणाबरोबर खेळत होतास? तो म्हणाला, निषादबरोबर. त्या निषादला तुम्ही उंबऱ्यातून शिव्या घातल्यात.

वैनी, निषाद मी आहे.

कोकणातून निघालो तेव्हा एक जुना मोबाईल घेतला आणि तो खेळ त्यात घातला. नाव निषाद लावलं. माईक बिघडलाय अशी थाप मारली. मी नुसतं टाईप करायचो, दादा बोलायचा. गाव विचारलं तेव्हा ताम्हिणीचा कॅम्प सांगून बसलो, नाव खोटं सांगताना गाव खोटं सांगायचं सुचलंच नाही. थोड्याच दिवसांत नांदेडचा मागं पडला. दादा मला विचारायला लागला, "निषाद, जेवलास का?" एवढ्यासाठी मी केलं सगळं, वैनी. घरी आलो असतो तर परत एक बोट वर झालं असतं, म्हणून आलो नाही. त्या दिवशी घरी आवणी आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायला मी फोन तरी कुठं केला होता.

तुम्ही गेल्यावर मी ओम म्हणून त्याला फोन लावला. म्हणालो, दादा, हे बास कर, आधी वाडीतल्यांच्या खाचरात उतर, मग आपल्या उरलेल्या खाचराला माणसं बोलव. तो म्हणाला, "तू मला नगं शिकवू. तू कुटं थांबलायस कदी?" आणि कट केला.

मग तेच मी निषाद म्हणून लिहिलं. शब्दाला शब्द. वर लिहिलं की तू खाचरात उतरल्याशिवाय मी तुझ्याबरोबर खेळणार नाही. त्यानं चालू डाव सोडला. मग म्हणाला, "निषाद, अंगठा लई दुखतोय रं. रोप धरवंल का न्हाई, भ्या वाटतंय. बायकू गेली माजी." मग माझ्याबद्दल बोलला. "धाकटा भाव हाय माजा. मनात आलं की उठतो नि जातो. मला त्याचा लई हेवा वाटतो." मी लिहिलं, त्याला सांग की हे. तो म्हणाला, "सांगायला तो येतो कवा?"

आणि दुसऱ्या दिवशी वैनी, तो उतरला. आई फोनवर रडत आणि हसत सांगत होती. शेजारच्या रत्नाबाईंच्या खाचरात वाकला तर उठता येईना, त्या म्हणाल्या, "कैलास, रोप लावतुयास का रोपाला टेकून उभा ऱ्हातुयास?" पण तो हटला नाही, रोज कुणा ना कुणाकडं गेला. मग वाडी आपल्याकडं आली. उरलेलं खाचर हिरवं झालंय.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, घटकाभर. मग वाटलं, बाबांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं नाही, माझं तर तोंडावर कापलं, आणि ह्या निषादचं ऐकलं. कोण लागतो हा त्याचा? वैनी, मला निषादचा राग येतो. मी रात्रंदिवस त्याच्यावर जळतो. शेवटी त्याला मोबाईलमधून काढून टाकलं, दादाला काही न कळवता. दादाला काय वाटेल हा विचार जळणाऱ्या माणसाला सुचत नाही.

परत या असं मी म्हणणार नाही. तुमच्या पायांना खाचर ठाऊक आहे, मला नाही. फक्त तो उतरला हे तुम्हाला

थांबा. भिकूचा हॉर्न वाजला. टेम्पोतून अजून कुणी उतरतंय.

दादा आहे. पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, हातात डबा. गेटवर आमच्या कॅम्पच्या शैलेशला विचारतोय, "निषाद नावाचं पोरगं हाय का हितं? गेममधनं गायबच झालं. आजारी-बिजारी न्हाई ना?" त्या डब्यात काय असेल ते मला माहीत आहे. निषादला तांदळाची भाकरी आणि सुकट आवडते, मीच लिहिलं होतं. शिमग्याला मी आणलेलीच सुकट असणार.

शैलेश सांगतोय की निषाद कुणी नाही, रिह्याचा एक ओम तेवढा आहे, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचा.

दादानं डबा टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला. माझ्या तंबूकडं बघतोय.

"ओम्या, बाहीर ये."

मारायला बोलावतोय की जेवायला, आवाजावरून कळत नाही. पण हाक मला मारलीय. पत्र भिकूकडं देऊन जातो दादासमोर.

तुमचा धाकटा दीर,
नुसता ओम