आप्पाच्या मापाची दोरी

१४ एप्रिल १९९८, मंगळवार. शिरूर
काल दौंडहून आले. आप्पाच्या लीलाची सुपारी फुटली. स्थळ पाटसचं, मुलगा साखर कारखान्यात. लग्न २४ मेला. धाकट्या भावाच्या घरचं शेवटचं कार्य, म्हणजे यंदा सगळा उन्हाळा एसटीत जाणार.
निघताना आप्पा स्टँडपर्यंत आला. "आक्का, मला बटणाचा स्वेटर विण. जाड लोकरीचा. आन् दिवाळीची वाट बघत बसू नको."
पारू, माझी भावजय, हसली. "वन्सं, चैतात स्वेटर मागतंय माणूस. ऊन डोक्यात गेलंय."
रेल्वेच्या यार्डात जन्मभर रात्रपाळ्या केल्या, थंडी हाडात बसली असेल. हिरवी लोकर घेतली. माप घ्यायची गरज नाही. घरातल्या प्रत्येकाची दोरी माझ्या डब्यात आहे. पाठीला एक गाठ, बाहीला एक, उंचीला एक. आप्पाची दोन वर्षांपूर्वीची.

२३ एप्रिल, गुरुवार
वढूला नणंदेच्या नातवाचं जावळ. जीपमध्ये बायका मांडीला मांडी लावून, माझ्या मांडीवर लोकर. घामानं सुया निसटत होत्या. नणंद म्हणते, "वैनी, एवढ्या उन्हात कुणाची अंडी उबवताय?" सगळी जीप हसली. मीपण.
जाऊन येऊन पाठ पुरी झाली.

२ मे, शनिवार. दौंड
बस्ता बांधायला आले. पाठ आप्पाच्या पाठीला लावून बघितली. दोन्ही कडा खांद्याखालून पुढं आल्या. पारंबीसारख्या लोंबतात.
आप्पा म्हणाला, "तुझा हात सैल पडला, आक्के. म्हातारी झालीस." दुकानातल्या पोरींसमोर म्हणाला, मला लाज वाटली. घामाचा हात, वीण सैल पडली असेल, असं मीही धरून चालले. त्याचं जेवण बघितलं. भाकरी कुस्करून, दुधात बुडवून, तीही अर्धी. म्हणे दात दुखतो.
परतीला चौफुल्याला गाडी बदलेपर्यंत सगळं उसवलं.

९ मे, शनिवार
परत पहिल्यापासून. बारीक सुया. चार ओळी झाल्या की दोरी लावते. गाठीला बरोबर कड. ह्या वेळी कोण नावं ठेवतंय बघते.

१५ मे, शुक्रवार. दौंड
पाठ घेऊन आले. आप्पा ओसरीवर पत्रिकांवर नावं घालत होता. मागून पाठीला लावली. पहिल्यापेक्षाही मोठी.
दोरी बरोबर. वीण बरोबर. मग.
पिशवीत कोरी सुतळी होती, ती त्याच्या पाठीवरून घेतली आणि गाठ मारली. जुन्या दोरीशेजारी धरली. बघवेना.
त्यानं मान वळवली नाही. म्हणाला, "मला ठावं हाय. घास उतरत न्हाई गळ्याखाली. होळीपासनं."
"डॉक्टर?"
"लीलाचं लगीन होऊ दे. आता दवाखान्याचं कळलं तर व्याही लगीन पुढं ढकलतील. आन् मी गेलो तर लगीन वरीसभर थांबंल. पारूला बोलायचं न्हाई. माझी आण हाय तुला."
ती नवी सुतळी माझ्या हातातून घेऊन खिशात घातली.
ह्याला मी कडेवर घेऊन मेंढरांमागं हिंडलेय. आईच्या घोंगड्यात आम्ही दोघं मावायचो.

१८ मे, सोमवार
विणते, पण टाके चुकतात. सून विचारते, "आत्या, मामांकडं काही बोलणं झालं का?" लोकर टोचते म्हटलं.

२४ मे, रविवार. पाटस
लग्न लागलं. मंडपात पत्रे तापलेले, माणसं पत्रिकांनी वारा घेत होती. आणि आप्पा कोट घालून, छाती काढून, व्याह्यांना मिठ्या मारत. बायका म्हणाल्या, "आप्पा भरलेत की. लग्न मानवलं."
जवळ गेले तर कोटाच्या गळ्यातून तपकिरी लोकर दिसली. मी केलेला जुना स्वेटर. कोट भरायला आत घातलेला. कानामागून घामाच्या धारा.
माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझं विणलेलं आज कामी आलं."


२८ मे, गुरुवार. दौंड
आता म्हणतो लीला पाचपरतावनाला माहेरी येऊन जाऊ दे. मग म्हणेल जावई घरी जेवू दे. मी त्याची आण मोडली. पारू भांडी घासत होती, तिच्याशेजारी बसून सांगून टाकलं.
तिनं घासायचं थांबवलं नाही. म्हणाली, "वन्सं, तुम्हाला वाटलं मला डोळे न्हाईत? चैतापासनं त्यांच्या विजारींना आत टीप घालतेय मी. सैल झाल्या म्हणून बोलायला नकोत लोक."
"मग बोलली का नाहीस?"
"त्यांना वाटतंय मला म्हाईत न्हाई. तेवढाच त्यांना धीर."
मग मीही राख घेऊन भांडी घासायला लागले. आप्पा आत खोकत होता.

१ जून, सोमवार
सकाळच्या गाडीनं मी आणि पारूनं त्याला पुण्याला नेलं. गाडीत माझ्याशी बोलला नाही. आण मोडली म्हणून. मोठ्या दवाखान्यात घशात नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला दिला. शुक्रवारी या म्हणाले. डॉक्टर चांगला होता, पण पारूकडं बघून बोलेना.

३ जून, बुधवार. दौंड
उद्या पाचपरतावनाला लीला येणार. तिला काय सांगायचं, ठरत नाही.
पाठ आणि पुढची एक बाजू झालीय, दुसरी सुरू करायचीय. आप्पा बाजेवर पडून बघत होता. आज पहिल्यांदा बोलला. खिशातली सुतळी काढून माझ्यापुढं धरली. "ह्या मापानं कर. लोकर कशाला वाया घालवतीस."
मी घेतली. डब्यात टाकली. जुन्या दोरीनं टाके घातले.
"आक्के, ऐकू येतंय का तुला?"
"येतंय."
"मग?"
"लोकर माझी हाय," म्हटलं.
भिंतीकडं तोंड करून पडला. हसला की काय, कळलं नाही.

४ जून, गुरुवार. दौंड
लीला आली. बापाला बघितलं, आणि काही न विचारता माझ्याशेजारी येऊन बसली. लोकरीचा गुंडा हातात धरून ठेवलाय तिनं.
गळा आणि बाह्या राहिल्यात. बटणं आणलीत, काळी. पण स्वेटर अंगात घालून बघितल्याशिवाय बटणं लावायची नसतात. उद्या पुणं. स्वेटर पिशवीत बरोबर घेते.